आंतरराष्ट्रीय भाटकार आणि आमचे मुंडकार : गोव्याच्या तिन्ही खासदारांना खुले पत्र

माशेल, ता. फोंडा, गोवा

प्रति,
उत्तर गोवा, दक्षिण गोवा आणि राज्यसभा येथील आमचे सन्माननीय खासदार

सप्रेम नमस्कार.

माशेलचा चिखलकाला झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वाड्यावरची एक मुलगी माझ्याकडे आली. सातवा महिना चालू, चढण चढून आल्यामुळे धाप लागलेली. सोप्यावर बसली, पाणी प्यायली आणि पिशवीतून एक छापील कागद काढून माझ्या हातात दिला. "मावशी, तू दिल्लीला अशाच हापिसात होतीस ना? वाचून सांग, माझं काय चुकलं?"

चुकले काहीच नव्हते. कागदात तिच्या कामाबद्दल आभार होते आणि महिनाअखेरीला कंत्राट संपत असून मुदतवाढ मिळणार नाही, एवढी एक ओळ होती.

किनारपट्टीवरच्या एका प्रकल्पावर ती चार वर्षे काम करत होती. प्रकल्प एका आंतरराष्ट्रीय संघटनेचा. संघटनेचे नाव लिहीत नाही, कारण नोकरीत असताना अशी कंत्राटे मी इतक्या ठिकाणची वाचली आहेत की वरचे नाव बदलले तरी खालचा मजकूर बदलत नाही. अकरा महिन्यांचे कंत्राट, मग एक महिना खाडा, मग पुन्हा अकरा महिने. खाड्याच्या महिन्यातही ही पोर खारफुटीत उतरून नोंदी घेत होतीच, पगार तेवढा नसायचा. मे महिन्यात तिने बाळंतपणाच्या रजेसाठी अर्ज केला. उत्तर आले की आपण 'सल्लागार' आहात, सल्लागाराला रजा नसते. त्यानंतर महिनाभराने हा कागद.

आपल्याकडे मातृत्व लाभाचा कायदा १९६१ मध्ये झाला, २०१७ च्या दुरुस्तीने त्यात २६ आठवड्यांची पगारी रजा आली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तेवढीच आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या नियमित कर्मचारी स्त्रीलाही १ जानेवारी २०२३ पासून बाळंतपणासाठी १६ आणि १० मिळून २६ आठवडेच मिळतात. म्हणजे भारताचा कायदा धरा की युनोचा नियम, आकडा एकच. आमच्या मुलीला दोन्ही लागू नाहीत.

दोन दिवसांनी आम्ही दोघी मजूर खात्याच्या एका कचेरीत गेलो. तिथला अधिकारी सज्जन निघाला. पंखा आमच्याकडे वळवला, कंत्राट शेवटच्या पानापर्यंत वाचले (असे वाचणारे आता कमी) आणि शेवटच्या कलमांवर बोट ठेवले. एक कलम सांगत होते की या कंत्राटातल्या कशामुळेही संघटनेने आपले विशेषाधिकार आणि संरक्षण सोडले असे समजू नये. दुसरे सांगत होते की वाद झालाच तर लवाद. "काकी," तो म्हणाला, "प्रकल्प गोव्यात, पोर गोव्याची, पण ह्यांच्यापुढे माझी सही मांडवीचा पूलसुद्धा ओलांडत नाही." लवादाचा खर्च काय येतो ते ऐकून मुलीने विषयच सोडला.

तिला आम्ही वाड्यावरची माणसे सांभाळू. तुम्हाला लिहिते आहे ते यासाठी की ज्या फटीत ती सापडली ती दिल्लीत केलेल्या एका कायद्यातली फट आहे, आणि दिल्लीत आमच्या वतीने बसणारे तुम्ही तिघेच आहात.

आधी माझी ओळख सांगते. पणजीला टायपिंग-शॉर्टहँड शिकून १९८१ साली मी दिल्लीत एका आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कार्यालयात जी-३ श्रेणीत लागले आणि जी-६ वर निवृत्त झाले. निळ्या नंबरप्लेटच्या गाड्या, पगारावर आयकर नाही, साहेब कधी डॅनिश तर कधी घानाचा. चतुर्थीला गावी आले की माटोळी बांधता बांधता कोणी तरी विचारायचेच, "तुमका युनियन कित्याक गो?" त्यांचेही चूक नव्हते. आपल्याकडे युनियन म्हटली की डोळ्यांसमोर मुरगाव बंदराचे गेट येते, नाहीतर खाणीवरचा संप येतो. आमची स्टाफ असोसिएशन म्हणजे एक लोखंडी कपाट, एक कॅलेंडर आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत भरणारी सात जणांची कमिटी. त्या कमिटीवर मी बारा वर्षे होते.

काय करायचो आम्ही? एक उदाहरण पगाराचे. या संघटनांमध्ये स्थानिक कर्मचाऱ्यांचा पगार त्या शहरातल्या चांगल्यात चांगल्या मालकांच्या तोडीचा असावा, असे तत्त्व १९४९ पासून चालत आले आहे. चांगला मालक कोण आणि तो देतो किती, हे ठरवायला दर काही वर्षांनी पाहणी होते. त्या समितीवर व्यवस्थापनाबरोबर कर्मचाऱ्यांचेही प्रतिनिधी असतात. आम्ही प्रश्नावली घेऊन बँका आणि कंपन्यांच्या दारात जायचो. ते चहा द्यायचे, बिस्किटे द्यायचे, आकडे द्यायचे नाहीत. एखाद्या कंपनीच्या कँटीनमध्ये पाच रुपयांत थाळी मिळते, तर उरलेले पैसे तिथल्या माणसाच्या पगारात धरायचे की नाही, यावर आमची एक बैठक संध्याकाळी सातपर्यंत चालली होती. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटेल. त्या थाळीवर दोनशे घरांचा पगार हलायचा.

दुसरे काम त्या कॅलेंडरचे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पद्धतीत कर्मचाऱ्याला एखादा निर्णय मान्य नसेल तर त्याने ६० दिवसांत फेरविचार मागायचा आणि तिथेही पदरी काही पडले नाही तर पुढच्या ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायचे. दिवस चुकला की दार बंद. आम्ही प्रत्येकाच्या तारखेला लाल गोल करून ठेवायचो. एकदा एक ड्रायव्हर ६३व्या दिवशी आला. कागद त्याच्या बाजूचे होते, साक्षीदार त्याच्या बाजूचे होते, आणि कॅलेंडर पाहून कमिटीतले कोणी बोलेना.

आता मूळ मुद्द्याकडे येते. या संघटनांना कायद्याचे कवच असते, त्याला इंग्रजी कागदात इम्युनिटी म्हणतात. करोनात काढा पिऊन वाढवायची ती वेगळी. १९४६ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने याविषयीचा करार केला आणि भारताने १९४७ मध्येच त्यावर कायदा करून टाकला : संयुक्त राष्ट्रसंघ (विशेषाधिकार व उन्मुक्ती) अधिनियम. संघटनेवर आपल्या कोर्टात दावा चालत नाही, तिच्या कचेरीत पोलीस परवानगीशिवाय शिरत नाहीत, कर्मचाऱ्याने कामाच्या ओघात जे केले किंवा लिहिले त्यासाठी त्याला कोर्टात खेचता येत नाही.

हे कवच काढा, असे मी म्हणत नाही. ते लागतेच. युनोच्या सनदेचे कलम १०० सांगते की तिच्या नोकराने कुठल्याही सरकारचा हुकूम घेऊ नये, आणि सरकारांनीही तसा प्रयत्न करू नये. यजमान सरकारच्या कोर्टात दर आठवड्याला हजेरी लावायची असती तर त्या सरकारला न रुचणारा अहवाल कोणी लिहिला असता? पण ज्यांनी १९४६ चा करार लिहिला त्यांनी कवचाबरोबर त्याची किंमतही लिहून ठेवली होती. कराराचे २९वे कलम म्हणते की कंत्राटांतून उठणाऱ्या वादांसाठी संघटनेने योग्य सोय करावी. कवच घ्यायचे तर आपल्या घरात न्यायाची जागाही करायची, असा तो सौदा आहे. हा करार आपल्या १९४७ च्या कायद्याला परिशिष्ट म्हणून जोडलेलाच आहे. आपण पहिला अर्धा भाग पाठ केला आणि दुसरा परिशिष्टात राहू दिला.

घरातली जागा म्हणजे न्यायाधिकरणे. सर्वांत जुने राष्ट्रसंघाने, म्हणजे युनोच्या आधीच्या लीग ऑफ नेशन्सने, १९२७ साली जिनिव्हात नेमले. राष्ट्रसंघ बुडाला, पण न्यायाधिकरण १९४६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने, म्हणजे आयएलओने, आपल्याकडे घेतले आणि आज पन्नासहून अधिक संघटनांचे कर्मचारी तिथे दाद मागतात. संयुक्त राष्ट्रसंघाने आपले वेगळे न्यायाधिकरण १९४९ मध्ये काढले आणि २००९ मध्ये ते मोडून दोन पायऱ्यांची नवी रचना केली, खाली विवाद न्यायाधिकरण आणि वर अपील न्यायाधिकरण.

ही नुसती शोभेची व्यवस्था आहे का, असे तुम्ही विचाराल. १९५२-५३ ची गोष्ट ऐका. अमेरिकेत कम्युनिस्टांच्या शोधाचा ज्वर चढला होता. युनोतल्या अमेरिकन कर्मचाऱ्यांना सिनेटच्या उपसमितीपुढे उभे केले, काहींनी राज्यघटनेने दिलेला हक्क वापरून उत्तर द्यायचे नाकारले, आणि सरचिटणीस ट्रिग्वे ली यांनी त्यांना कामावरून काढले. ते न्यायाधिकरणाकडे गेले. न्यायाधिकरणाने अकरा जणांना भरपाई देण्याचा निकाल दिला, मिळून सुमारे १ लाख ८० हजार डॉलर. अमेरिका म्हणाली, आमच्या पैशातून हे द्यायचे नाही. प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १३ जुलै १९५४ रोजी न्यायालयाने मत दिले की आमसभेला हे पैसे नाकारता येणार नाहीत. त्या मतात एक वाक्य आहे, त्याचा भावार्थ असा : जी संस्था जगात माणसांना स्वातंत्र्य आणि न्याय मिळावा म्हणून निघाली, तिने आपल्याच नोकरांना दाद मागायला जागा ठेवू नये, हे तिच्या सनदेला शोभणारे नाही. आमच्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून हे वाक्य टाइप करून चिकटवलेले होते. टायपिंग माझे.

याचा अर्थ सगळे आलबेल आहे असे नाही. आमच्या युनियनना पगाराची वाटाघाट करता येत नाही. पगार आणि भत्ते ठरवायला न्यूयॉर्कमध्ये पंधरा सदस्यांचा आंतरराष्ट्रीय नागरी सेवा आयोग आहे. युनियनचे महासंघ तिथे जाऊन म्हणणे मांडतात, आयोग ऐकून घेतो. १९५२ साली निघालेला फिक्सा हा त्यातला जुना, आणखी दोन आहेत. २०१७ मध्ये आयोगाने जिनिव्हातला पगार कमी करायचे ठरवले. २०१८ मध्ये तिथे कामबंद झाले, चक्क राजनैतिक बैठका चालू असताना. मग सगळे न्यायाधिकरणांकडे गेले. जुलै २०१९ मध्ये आयएलओच्या न्यायाधिकरणाने कपात रद्द केली, कारण आयोगाने आपल्या अधिकाराबाहेर पाऊल टाकले होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अपील न्यायाधिकरणाने मात्र कपात कायम ठेवली. शहर एक, श्रेणी एक, आणि तुमची संघटना कोणत्या दाराशी जाते यावर पगार वेगळा! तरी दार होते. हरायला तरी दार होते.

आणि हो, जगाला संघटनास्वातंत्र्याचा करार १९४८ मध्ये आणि सामूहिक वाटाघाटींचा १९४९ मध्ये देणाऱ्या आयएलओने स्वतःच्या कर्मचारी संघाशी वाटाघाटींचा करार केला तो २००० साली. हसू येते खरे, पण आपण हसू नये. ते दोन्ही करार, क्रमांक ८७ आणि ९८, भारताने आजही मंजूर केलेले नाहीत, आणि भारत १९१९ पासून त्या संघटनेचा संस्थापक सदस्य आहे. तुमच्यापैकी कोणी यावर कधी सभागृहात उठले असेल तर मला कळवा, मी कात्रण जपून ठेवीन.

इथवरचे सगळे नियमित कर्मचाऱ्यांचे. आमच्या वाड्यावरची मुलगी त्यांच्यात बसतच नाही. सल्लागार, सेवा-कंत्राटी, आणखी कुठल्या नावाने एजन्सीमार्फत आलेली माणसे कर्मचारी गणली जात नाहीत, म्हणून त्यांना ना न्यायाधिकरण ना असोसिएशन. काम तेच, टेबल तेच, ईमेलचा पत्ताही तसाच. बॅज गळ्यात, फक्त त्याच्या पट्टीचा रंग वेगळा. २०२५ मध्ये अमेरिकेने हात आखडता घेतल्यापासून या संघटनांत हजारो माणसे कमी होत आहेत. त्यांत नियमित कर्मचाऱ्याला निदान नोटीस मिळते, भरपाई मिळते. सल्लागाराला काढावे लागत नाही, तारीख संपू दिली की झाले.

यात आम्हा युनियनवाल्यांचा दोष आहे आणि तो मी झाकणार नाही. आमच्या कमिटीपुढे १९९८ च्या सुमाराला प्रश्न आला होता की कंत्राटी लोकांना सभासद करून घ्यायचे का. मी विरोधात हात वर केला. कारण सांगितले ते नियमांचे, मनात होते ते दुसरेच : हे लोक आत आले तर आमच्या पदांवर गदा येईल. सहा विरुद्ध एक. तो एक हात एका शिपायाचा होता.

माझ्यासारखीने तरी असे करायला नको होते. माझे वडील मुंडकार. तुम्ही गोव्याचे, तुम्हाला मुंडकार म्हणजे काय ते सांगायला नको, पण पत्र खुले आहे म्हणून सांगते : जमीनमालक तो भाटकार, आणि त्याच्या भाटात, म्हणजे बागायतीत, घर करून राहणारा तो मुंडकार. भाटकाराच्या भाटात आमचे घर, तीन पिढ्यांचे. माडाचे पाडे आमच्या आजोबांनी करायचे, भाटकाराच्या घरी लग्नकार्य असले की आजीने खळे सारवायचे, आणि आमच्या छपराला झावळ्यांऐवजी कौले घालायची तर आधी वरच्या घरी जाऊन विचारायचे. घर आमचे, पण 'आमचे' हा शब्द आम्ही हळू आवाजात म्हणायचो. मी दहा-बारा वर्षांची असताना कसल्या तरी बोलाचालीवरून भाटकाराने निरोप धाडला, पावसाआधी जागा खाली करा. वडील रात्रभर पायरीवर बसून होते. जायचे तर कुणाकडे? देवळात महाजन तेच, पंचायतीत शब्द त्यांचाच, आणि कोर्ट म्हणजे काय हे आमच्या घरात कोणाला ठाऊक होते?

१९७५ मध्ये, शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना, मुंडकार संरक्षण कायदा झाला. त्या कायद्याने भाटकाराचे भाट काढून घेतले नाही. माड त्याचे राहिले, नारळ त्याचे राहिले. कायद्याने एवढेच केले की मुंडकाराला घरातून परस्पर काढता येणार नाही, वाद असेल तर मामलेदारापुढे जा. पुढे मामलेदार कचेरीत खटले वीस-वीस वर्षे कुजले, अजून कुजताहेत, ते तुम्हाला निवडणुकीच्या काळात लोक ऐकवतातच. पण नोंदवहीत नाव चढले त्या वर्षी वडिलांनी कोणालाही न विचारता न्हाणीघर बांधले. भाटकार माझ्या लग्नाला आला, आहेरही दिला.

आंतरराष्ट्रीय संघटनांच्या कंत्राटी माणसाला आज मामलेदार नाही. माझे सगळे म्हणणे यात येते.

कोर्टाकडे बोट दाखवाल तर तो रस्ता आम्ही पाहून आलो आहोत. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ पासून इक्रिसॅट ही शेती संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिथून काढलेले कामगार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००३ मध्ये न्यायालयाने सांगितले की ही संस्था राज्यघटनेच्या अर्थाने 'राज्य' नाही, तिच्याविरुद्ध रिट चालणार नाही. कायदा आहे तसा वाचला तर न्यायाधीश दुसरे काय सांगणार? गुजरातेतल्या मुंद्र्याचे मच्छीमार तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन जिंकले. जागतिक बँकेच्या गटातल्या वित्त महामंडळाला पूर्ण कवच नाही, असा निकाल त्यांनी २०१९ मध्ये मिळवला. दोन वर्षांनी खालच्या न्यायालयांत तोच दावा दुसऱ्या कारणाने फेटाळला गेला. त्यांचा वाद नोकरीचा नव्हता, वीज प्रकल्पाचा होता, पण परदेशी कोर्टात भारतीय माणसाच्या पदरात शेवटी काय पडते ते त्यातून दिसले.

म्हणून तुमच्याकडे आले. १९४७ च्या कायद्याचे कलम ३ केंद्र सरकारला अधिकार देते की राजपत्रात अधिसूचना काढून हेच कवच दुसऱ्या कोणत्याही आंतरराष्ट्रीय संघटनेला द्यावे. अलीकडे हे वारंवार घडते आहे, कारण भारताला यजमान व्हायची हौस आहे आणि ती असावी. आंतरराष्ट्रीय सौर आघाडीचे मुख्यालय गुरुग्रामला आले. आपत्तीत टिकणाऱ्या पायाभूत सुविधांसाठीची सीडीआरआय ही संस्था दिल्लीत आहे, तिला याच कायद्याखाली सवलती द्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या जामनगरमधल्या पारंपरिक औषध केंद्रासाठी यजमान करार झाला. गोव्याला तर पाहुण्यांची सवयच आहे. १९८३ मध्ये राष्ट्रकुलाचे नेते आले, २०१६ मध्ये ब्रिक्स, २०२३ मध्ये बाणावलीला शांघाय सहकार्य संघटनेचे परराष्ट्रमंत्री. पाहुणे येतात तेव्हा रस्त्याचे खड्डे बुजतात, एवढा अनुभव आम्हाला आहे. उद्या यांतल्या कोणाचे कायमचे कार्यालय पणजीत आले तर मी स्वागताला पहिल्या रांगेत उभी राहीन. फक्त अधिसूचनेत एक ओळ असावी : या संघटनेसाठी भारतात काम करणाऱ्या प्रत्येक माणसाला, त्याच्या कंत्राटाचे नाव काहीही असो, आयएलओच्या किंवा तशाच एखाद्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे विनाखर्च जाता येईल आणि त्यांच्या संघाला संघटना मान्यता देईल. ती ओळ मान्य नसेल तर कवच नाही.

परराष्ट्र खात्यातले बाबू तुम्हाला सांगतील, अशा अटी घातल्या तर या संघटना कोलंबोला जातील, बँकॉकला जातील. त्यांना युरोपचे उदाहरण द्या. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १९९९ मध्येच कसोटी घालून दिली की कर्मचाऱ्याला दाद मागायची दुसरी वाजवी सोय असेल तर कवच टिकते. युरोपियन पेटंट कार्यालयाच्या युनियनने संपावरच्या जाचक नियमांविरुद्ध नेदरलँड्सच्या कोर्टात दावा लावला. हेगच्या अपील न्यायालयात २०१५ मध्ये युनियन जिंकली. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला, कारण संघटनेच्या माणसांना आयएलओचे न्यायाधिकरण उपलब्ध होते. म्हणजे न्यायाधिकरणाने संघटनेचे कवच वाचवले. आणि पुढे २०२१ मध्ये त्याच न्यायाधिकरणाने त्याच संघटनेचे संपाचे नियम बेकायदा ठरवले. नियम २०१३ चे, निकाल २०२१ चा. आठ वर्षे लागली. आमच्या मामलेदार कचेरीच्या मानाने ही घाईच म्हणायची. पण संघटनेचेही भले झाले आणि नोकरांचेही. असा सौदा कोलंबोच्या भीतीने सोडायचा का?

तुमच्याकडून लगेच काय हवे ते लिहिते. लोकसभेत तारांकित प्रश्नाला किमान पंधरा दिवसांची नोटीस लागते. प्रश्न छोटा ठेवा : १९४७ च्या कायद्याच्या कलम ३ खाली आजवर कोणकोणत्या संघटनांना सवलती दिल्या, त्यांतल्या प्रत्येकीकडे भारतात किती नियमित आणि किती कंत्राटी माणसे काम करतात, आणि त्यांच्या तक्रारी कोण ऐकते? तिसऱ्या उपप्रश्नाचे उत्तर 'माहिती गोळा केली जात आहे' असे आले तर सोडू नका, आश्वासन समितीकडे न्या. कायदा दुरुस्तीचे खासगी विधेयक त्यानंतरचे. मी दीड पानाचा मसुदा टाइप करून ठेवला आहे, वकिलाने पाहायला हवा.

महासंघांनाही मी वेगळे पत्र लिहिते आहे, इंग्रजीत, कंत्राटी माणसांना सभासद करा म्हणून. त्यात १९९८ ची ती सभाही लिहिली आहे.

मुलीचे दिवस चतुर्थीनंतर भरतात. तिची चार कंत्राटे, रजेचा अर्ज, त्याचे उत्तर आणि शेवटचा कागद, सगळ्यांच्या झेरॉक्स काढून तीन फायली तयार केल्या आहेत, तुम्हा तिघांना एकेक. तिचे आणि संघटनेचे नाव मी काळ्या शाईने झाकले आहे, मूळ प्रत दाखवायची तर तिला विचारून दाखवीन. टपालाने पाठवल्या असत्या, पण खासदारांच्या टपालाचे काय होते ते मी दिल्लीत पाहिले आहे. माशेलला येणे झाले तर देवकीकृष्णाच्या मैदानाकडे येऊन विचारा. 'युनोवाली बाई' म्हटले की घर कोणीही दाखवते. दुपारी दोन ते चार तेवढे सोडा, मी झोपलेली असते.

आपली,
उत्तर गोव्याची एक मतदार आणि निवृत्त जी-६